गणपती वर, आई खाली

आईचे गुडघे जिन्यांना कंटाळले, म्हणून आम्ही तळमजल्यावरचं घर शोधत होतो. बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आधी तळमजल्यातच शिरतं, हे बाबांनाही ठाऊक होतं. पण अंगण दिसलं की आई विरघळायची, आणि आई विरघळली की बाबाही.

मी मात्र तयारीनिशी गेले. नाले बुजवणाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटून वाटून मला दारोदार विचारायची सवय आहे. दलालाने नदीजवळच्या एका सोसायटीतलं घर दाखवायला नेलं, तिथे मी एकेक बेल वाजवली. "पाणी येतं का?"

"ना रे ना, अहीं पाणी आवतुं ज नथी!"

सगळ्या दारांत हेच, इथे पाणी येतच नाही. पुराचे डाग झाकायला खालच्या भिंतींना तेवढा ताजा रंग, तरीही! खरं सांगितलं तर स्वतःच्या घराचा भाव उतरेल, म्हणून अख्खी सोसायटी एका सुरात खोटं बोलत होती. माझं डोकं तापलं.

दलाल हसला. "बेन, घर घ्यायला आलात की मोर्चा घेऊन?"

"मोर्चा असता तर तुमच्या नावाने घोषणा ऐकू आल्या असत्या."

शेजारच्या मराठी काकूंनी आईला आत बसवलं. आईने सहज विचारलं, "इथला गणपती कुठे बसवता हो?"

"वर, पहिल्या मजल्यावर. दाटी होते जरा."

"अगंबाई, एवढं मोठं पार्किंग असून?"

"भाद्रपदात खाली कसा ठेवणार? एकदा मखर तरंगत थेट गेटपर्यंत..." काकू थबकल्या. दलालाला एकदम मोबाईल पाहायची आठवण झाली.

"म्हणजे देवाला वर बसवायचं आणि माझ्या आईला खाली?" मी ओरडलेच.

आधी काकूच हसल्या. मग त्यांनी आईचा हात धरून भिंतीवर पाणी कुठवर चढतं ते दाखवलं. जवळजवळ आईच्या खांद्यापर्यंत. "वरचा फ्लॅट घ्या ना," त्या म्हणाल्या. पण रस्ताच बुडाला तर आईला दवाखान्यात होडीतून न्यायचं? आम्ही काकूंचा चहा पिऊन निघालो.

मग नदीपासून दूर, तरसाली भागात घर सापडलं तेव्हा नकाशा पाहून झाला, शेजाऱ्यांना विचारून झालं, तरी मी हटून बसले. दलाल लोक घर कोरड्या दिवशी दाखवतात. आपण ते धो धो पावसात पाहायचं. तसा पाऊस लागला आणि आम्ही रिक्षा करून तिघंही गेलो. बाबा छत्री सांभाळत गटाराच्या जाळीपाशी वाकले. पाणी घळाघळा आत जात होतं. आई रेनकोटात कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि परत आली.

मालक ओसरीतून हाका मारत होते. "अंदर आवो ने, पलळो छो केम? भिजताय कशाला? तुम्हाला घर घ्यायचंय की रस्ता?"

आईने साडीचा काठ पिळला. "रस्ता चांगला आहे. आता घर दाखवा."