पुलाच्या मध्यावर

संगीतिका मंडळीतले सगळे तिला कुजबुजताई म्हणत. नाव पडलं होतं ते तिच्या कामावरून. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक चौकोनी खड्डा होता, प्रेक्षकांच्या बाजूने त्याच्यावर शिंपल्यासारखं झाकण. त्या खड्ड्यात ती स्टुलावर बसायची. समोर स्वरलिपीचं जाडजूड बाड, डोक्याशी छोटा दिवा. गायकाची ओळ यायच्या किंचित आधी तिने त्या ओळीचे पहिले शब्द सांगायचे. समोरच्याला ऐकू जायला हवेत, पण प्रेक्षकाला नाही. उभं आयुष्य तिने गायकांच्या चपलांचे तळवे बघत काढलं, असं ती स्वतःच हसून सांगायची.

तरुणपणी ती गायची. आवाज गोड होता, पण पहिल्या चार रांगांपुढे जायचा नाही. देवाने घरातल्या दोघांचा वाटा एकट्या दादाला देऊन टाकला होता. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. तो मंडळीचा मुख्य गायक. त्याचा खर्जातला आवाज लागला की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही छातीत घुमायचा. आता साठी उलटली तरी नाट्यगृहाच्या दारावर चित्र लागायचं ते त्याचंच. आणि इतक्या वर्षांत त्याने एकदाही तिच्या खड्ड्याकडे बघितलं नव्हतं. "तू बाकीच्यांसाठी आहेस," तो तिला चिडवायचा. "माझ्या वेळेला खुशाल पेंगत जा."

त्या वर्षी मंडळीने एक जुनी, शाळेत सगळ्यांनी वाचलेली कादंबरी गाण्यात बसवायला घेतली. एका न्यायाधीशाची ती गोष्ट. तरुणपणी त्याने एका निरपराध माणसाला फाशी दिलेली असते. म्हातारपणी पुराच्या वेळी त्याच माणसाची आंधळी मुलगी त्याच्या दारात येते, आणि तो तिला हाताला धरून मोडक्या पुलावरून पलीकडे नेतो. न्यायाधीश अर्थातच दादा. मुलीचं काम मंडळीत नव्याने आलेल्या एका गायिकेला मिळालं. अंगाने एवढीशी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत.

दिग्दर्शिका तरुण होती आणि हट्टी होती. तिला पूल खरा हवा होता. सुतारांनी दोन पुरुष उंचीचा लाकडी पूल उभा केला, कठडा फक्त मागच्या बाजूला. मध्यावर एक रुंद फळी मुद्दाम काढलेली. तिथे न्यायाधीशाने थांबायचं, आधी स्वतः पलीकडे पाय टाकायचा, मग मुलीची कंबर धरून तिला उचलून घ्यायचं. चिमणीच्या डोळ्यांवर खरोखरच पट्टी. "नाटकी आंधळेपणा मला चालणार नाही," दिग्दर्शिका म्हणाली. चिमणी हसून म्हणाली, "दादांचा हात असेल तर मी गच्चीवरूनही चालेन."

ताईला मात्र तो पूल पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

पहिल्या अंकाची तालीम चालू होती. दादा त्याचं मोठं गाणं गात होता आणि एका ओळीआधी त्याची नजर खाली आली. थेट खड्ड्यात. क्षणभरच. ताईने सवयीने शब्द सांगितला, त्याने तो उचलला आणि पुढे गेला. कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. पण ताईच्या मनात पाल चुकचुकली. नवीन काम आहे, वय झालं, होतं असं, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तो दोनदा बघून गेला. आठवड्याच्या शेवटी तर तो तिच्याकडेच बघून गायला लागला. पाण्यात गटांगळ्या खाणारा माणूस काठावरच्या दोरीकडे बघतो, तसं.

मग एका दुपारी दादा सापडेना. वाद्यवृंदाचे संचालक हातातली काडी आपटत होते, सगळे वादक खोळंबले होते. ताई त्याला शोधत मागच्या बोळात गेली. बोळाच्या टोकाची खोली पूर्वी दादाची रंगपटाची खोली होती. पुढे तिथे अडगळ टाकायला लागले होते. दार ढकललं तर तो आत बसलेला. भोवती केसांचे टोप, मोडक्या खुर्च्या, धूळ. तो आरसा नसलेल्या भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून शांतपणे वाट बघत होता.

"रंग लावणारा अजून आला नाही बघ," तो म्हणाला.

रंग लावणारा मरून कैक वर्षं झाली होती.

"दादा, चल. तालीम थांबली आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग खोलीकडे. हळूहळू चेहऱ्यावर भान आलं आणि त्यामागोमाग हसू. ते हसू तिला जास्त भयंकर वाटलं. "काय फजिती! चुकून शिरलो. कोणाला सांगू नकोस हं."

तिला बाबा आठवले. बाबा शाळेत गाणं शिकवायचे. पन्नाशीनंतर ते विसरत गेले. आधी ताल, मग रस्ते. एकदा कडाक्याच्या थंडीत ते उघडेच घराबाहेर पडले आणि या दोघा भावंडांना भर बाजारात सापडले. लोक भोवती उभे राहून बघत होते. दादाने अंगातला कोट काढून त्यांना गुंडाळलं. घरी येताना तो तिला म्हणाला होता, "माझं असं कधी झालं तर तू मला तोंडावर सांगायचंस. लोकांनी असं बघत उभं राहायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी ती वहिनीकडे गेली. दादा झोपला होता. वहिनीने चहाला बसवलं, पण चहा करायला उठली नाही. इकडचं तिकडचं बोलत राहिली. यांना झोप कमी आहे, यांचं डोकं सध्या नव्या कामात आहे. डोळे पुसायला तिने पर्समधून रुमाल ओढला आणि त्याबरोबर फरशीवर काहीतरी खडखडत पडलं. गॅसच्या शेगडीची बटणं.

ताईने त्यातलं एक उचललं.

"दोनदा गॅस उघडा ठेवून फिरायला गेले," वहिनी म्हणाली. "आता मी काढून जवळ ठेवते."

"वहिनी, डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवीन गं. एवढे प्रयोग होऊ देत. गाणं काढून घेतलं तर त्यांच्यात उरेल काय? तू आहेस ना खाली बसलेली. तू सांभाळून घे."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, वहिनी. आणि तिथे तो पूल आहे."

"पायांना सगळं लक्षात राहतं त्यांच्या," वहिनी म्हणाली आणि बटणं गोळा करायला खाली वाकली.

ताई घरी आली ती जीव मुठीत धरून. भीती नुसती दादाची नव्हती. बाबांचं रक्त तिच्याही अंगात होतं. शेजारणीचं नाव ऐन वेळी ओठावर येईना की ती घाबरायची. किल्ली सापडेना तरी तेच. कपाट उघडून आपण काय घ्यायला आलो, हे आठवेपर्यंत ती दाराला धरून उभी राहायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या ती सगळ्या जुन्या संगीतिकांच्या ओळी म्हणून बघायची. एखादी अडली की उठून दिवा लावायची. तरी ती गप्प राहिली. रोज ठरवायची आज सांगू, आणि रोज दादा तिच्या डोळ्यांसमोर इतकं सुंदर गायचा की जीभ उचलायची नाही.

शेवटी पुलाच्या तालमीचा दिवस आला. सकाळची वेळ. प्रेक्षागृह रिकामं, फक्त दिग्दर्शिका आणि तिचे दोघे मदतनीस. दिवे पुराच्या पाण्यासारखे काळे-हिरवे केलेले. दादा चिमणीचा हात धरून पुलावर चढला. तिच्या डोळ्यांवर पट्टी. ताई मान वर करून बघत होती, पाठीला रग लागली होती. पहिल्या दोन ओळी त्याने पेलल्या. ते मध्यावर आले. ती काढलेली फळी, ती पोकळी, आणि तिथे तो थांबला.

थांबायचंच होतं. पण तो गाईना. वाद्यं त्याची जागा सोडून पुढे गेली. ताईने शब्द सांगितले. पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. तो खाली बघत नव्हता. तो कुठेच बघत नव्हता. आणि मग तिने बघितलं की त्याची बोटं सैल होताहेत. त्याने चिमणीचा हात सोडून दिला.

चिमणीला वाटलं, आता तो पलीकडे गेला असेल आणि कंबर धरील. तिने दोन्ही हात पुढे केले आणि एक पाऊल टाकलं. तिच्या बुटाचं टोक पोकळीच्या काठाबाहेर आलं.

न्यायाधीशाचे शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते, एवढं तिला कळलं. ती स्टुलावर उभी राहिली आणि लहानपणी अंगणातून हाक मारायची तशी पूर्ण आवाजात ओरडली, "दादा! तिला धर!"

त्याने चमकून मान वळवली. हात आधी हलला. त्याने चिमणीचा दंड पकडून तिला मागे ओढलं, आणि दोघे पुलावरच धपकन बसले. संचालकांची काडी हवेतच राहिली. त्या शांततेत दादाचा आवाज आला, लहान मुलासारखा, "छोटे, आपण कुठे आहोत गं?"

दोन सुतारांनी त्यांना खाली आणलं. चिमणी डोळ्यांवरची पट्टी काढत म्हणाली, "त्यांचा हात एकदम गार पडला होता, ताई. मला वाटलं, मीच काहीतरी चुकले."

ताई दादाच्या आताच्या रंगपटाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तो पाणी पीत होता, आता पुरता भानावर. "चक्कर आली," तो म्हणाला. "सकाळी काही खाल्लं नाही ना."

"चक्कर नव्हती, दादा."

"मग काय होतं?"

"तू विसरतोयस. बरेच दिवस झाले. मला माहीत आहे, वहिनींना माहीत आहे. बाबांसारखं होतंय."

तो उठला. इतका मोठा माणूस त्या छोट्या खोलीत उभा राहिला की ती भिंतीला टेकली. "जळतेस तू," तो म्हणाला. "आयुष्यभर माझ्या आवाजावर जळलीस. खड्ड्यात बसून वाट बघत होतीस, हा कधी पडतो म्हणून."

तिला वाटलं, पळून जावं. ती म्हणाली, "जळत होते. लहानपणी खूप. म्हणून ती मुलगी पडू देऊ का?"

तो खुर्चीवर बसला आणि त्याने विचारलं, "पडली असती?"

"हो."

ती तशीच दिग्दर्शिकेकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं, अगदी आपण किती दिवस गप्प बसलो तेही. दिग्दर्शिका कपाळाला हात लावून म्हणाली, "ताई, तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात का नाही सांगितलंत?"

न्यायाधीशाचं काम बदली गायकाकडे गेलं. पुलाला पुढूनही कठडा लागला आणि चिमणीच्या पट्टीला आरपार दिसेल अशी बारीक जाळी. उद्घाटनाच्या प्रयोगाला ताई खड्ड्यात बसली आणि दादाच्या ओळी दुसऱ्याच माणसाला सांगत राहिली. पुलाचा प्रवेश आला तेव्हा तिने बाडाच्या कडा इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटं आखडली. प्रयोग गाजला. पडदा पडल्यावर चिमणी धावत खाली आली आणि तिला मिठी मारली, पण ताईच्या कानात एकच शब्द होता, जळतेस.

वहिनीने बोलणं टाकलं. ताई दारात गेली की आतून कडी लागायची. डॉक्टरांचं निदान झालं तेही तिला मंडळीतल्या कोणाकडून तरी कळलं. तिने स्वतःलाही तपासून घेतलं. "आत्ता तरी काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कोणाला त्याने हायसं वाटलं असतं. तिला त्यातला 'आत्ता' तेवढा ऐकू आला.

हिवाळा सरताना एका दुपारी वहिनी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभी दिसली. वाळली होती. म्हणाली, "उद्या येशील का? मला दात दाखवायला जायचंय. यांना एकटं सोडवत नाही."

ताई गेली आणि मग जातच राहिली. दादा खिडकीशी बसून गायचा. शब्द अर्धे जायचे, सूर जायचा नाही. आणि मध्येच विचारायचा, "पुलाचा प्रयोग कधी आहे गं?" पहिल्यांदा तिने खरं काय ते सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला, तो तसाच उठला आणि म्हणाला, "जळतेस तू." शब्दन् शब्द तोच, जसा आत्ताच सुचलेला. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. पुढच्या वेळी त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तालीम चालू आहे."

"पूल कसा आहे?"

"कठडा लावलाय आता."

"बरं केलं," दादा म्हणाला. "ती पोरगी घाबरत असेल." आणि त्याने न्यायाधीशाची पहिली ओळ उचलली. दुसऱ्या ओळीशी तो अडला, मान वळवून तिच्याकडे बघायला लागला, आणि तिने हळूच शब्द सांगितला.