तेवढा निळा दिसतो

"हिरवं दिसत न्हाई व्हय रं? बरोबर हाय. तुमच्या लोकास्नी निळंच दिसायचं."

डेअरीचे सचिव मोठ्यानं बोलले. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं हसली. मीही हसलो.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मी हसलो ते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोरेगावच्या बाजूचं आमचं गाव. दूध डेअरीत कॉम्प्युटर आला आणि साताऱ्याला कोर्स केलेला म्हणून मला खुर्ची मिळाली. आमच्या वस्तीतलं त्या खुर्चीवर आजवर कुणी बसलं नव्हतं. प्रोग्राम सांगलीच्या एका साहेबांचा. यंत्र दूध तपासायचं आणि पडद्यावर नावापुढं पट्टी यायची. हिरवी आली की घ्यायचं, लाल आली की परत. पट्टीवर अक्षर एक नाही. नावंसुद्धा बारीक, वळणदार, शोभेची.

मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. दोन्ही मातकट. पण सांगणार कोण? खुर्ची गेली असती. हिरवी जरा उजळ भासायची, त्या अंदाजावर रेटत होतो. त्या सकाळी दारातलं ऊन थेट काचेवर पडलं आणि अंदाज संपला. मी 'परत' म्हणालो. समोर सुंदराकाकू. आमच्याच वस्तीतली, एका म्हशीवर घर चालवणारी. तिचं दूध चांगलं होतं. सचिवांनी वाकून पडद्याकडं पाहिलं आणि ते बोलले.

काकू हसली नाही. दूध ओतून रिकामी किटली उचलताना हळू म्हणाली, "तू बी हसलास व्हय रं?"

पुढच्या खेपेला साहेब आले तेव्हा डोळ्यांचं सांगून विनवलं. पट्टीवर 'घेतले', 'परत' एवढं लिहा. जाड अक्षरात, काळ्यावर पांढरं. ते म्हणाले, एका माणसाच्या डोळ्यांपायी स्क्रीन बिघडवत नसतात. सचिव म्हणाले, बदलायचंच तर माणूस बदलू.

दुसऱ्या सकाळी, रांग भरलेली असताना, मी की-बोर्डवरून हात काढले.

"आवं सचिव, मला लाल-हिरवं कळत न्हाई. लिवल्याबिगर मी कुणाचं दूध परत करनार न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनं बोललंही नाही कुणी. काकू किटलीकडंच बघत राहिली. खुर्ची गेली. पट्टी तशीच राहिली.

आता मी स्वतः प्रोग्रामचे स्क्रीन बनवतो. रंग पुसून टाकला तरी वाचता आलं पाहिजे, एवढं धरून बसतो. गिऱ्हाईक म्हणतं, लय रुक्ष दिसतंय, आणि दुसरीकडं जातं. हातातल्या नव्या फोनवरही लाल-हिरवे ठिपकेच आहेत. काही बदललं नाही. बदलेल असंही वाटत नाही. काकू गेली. तिला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

निळा मला स्वच्छ दिसतो. सचिव तेवढं खरं बोलले. पण त्यावर मी पुन्हा हसणार नाही. आणि नुसत्या रंगाच्या भरवशावर कुणाला दारातून परत पाठवणारी पट्टी माझ्या हातून होणार नाही. काम मिळो, न मिळो.