समुद्राच्या बाजूची खिडकी

माझी आत्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कामाला होती. बिनखिडकीच्या खोलीत बसून ट्रकवाल्यांना फोनवर रस्ते सांगायची. कुठला पूल बंद आहे, कुठे दरड कोसळली आहे, सगळं तिला तोंडपाठ. किनाऱ्याच्या रस्त्याला लागले की ड्रायव्हर कळवायचे, "मॅडम, समुद्र आला." ती म्हणायची, "समुद्राकडे बघू नका, पुढे वळण आहे." स्वतः तिने तो कधी पाहिलाच नव्हता. लग्न केलं नाही, पगार आमच्या घरात घातला.

निवृत्त झाल्यावर तिने बाबांमागे लकडा लावला, "दादा, एकदा गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ या."

"पाणी बघायला एवढं पेट्रोल जाळायचं?" बाबा म्हणाले.

मग आत्याने वाटेत द्राक्षमळे घातले. तिथे वाईन बनवतात, चाखायला देतात, विकतातही. बाबा लगेच तयार झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, कारण बाबांनी वाईनमधला जाणकार म्हणून मामालाही बोलावलं. मामाची जाणकारी म्हणजे ग्लास हलवायचा आणि डोळे मिटायचे.

आत्याचा बेत मात्र चोख होता. जाताना आतल्या रस्त्याने मळे करायचे, येताना किनारा, म्हणजे समुद्र डाव्या हाताला राहील. "मागची डावी खिडकी माझी," तिने आधीच बजावलं. "बाकी कोण कुठे बसायचं ते तुमचं तुम्ही बघा." जन्मात तिने आमच्याकडे मागितलेलं एवढंच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिची बॅग दाराशी भरून तयार होती. बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "अगं, येताना पंचाईत होणार. मामा पेट्या घेणार आहे. डिकीत बॅगा, शिवाय तिथल्या उकाड्याने वाईन नासते म्हणे."

"मी मांडीवर घेईन."

"बाटल्या मांडीवर? आणि रस्ता चुकलो तर फोनवर सांगणार कोण? तुझ्याइतकं कुणाला जमतं?"

आई भाजी निवडत राहिली. आत्याने बॅग उचलून आत नेली. कौतुक करून माणसाला घरी बसवावं ते आमच्या बाबांनीच.

येताना तिच्या जागेवर वाईनच्या पेट्या बसल्या. आईने त्यांना सीटबेल्ट लावला. ऊन लागू नये म्हणून मामाने त्या बाजूच्या काचेला टॉवेल लावला आणि स्वतः घोरू लागला. मधे मी. इतक्यात आत्याचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर घेतला.

"दादा, टेकडी उतरलात ना? आता सगळ्यांना डावीकडे बघायला सांग. दिसतोय?"

"दिसतोय, दिसतोय. सगळे बघतायत," बाबा म्हणाले. मला टॉवेलच्या निळ्या रेघा दिसत होत्या. इतका राग मला बाबांचा कधी आला नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी आत्याच्या हातात एक बाटली ठेवली. "खास तुझ्यासाठी." ती पीत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तिने बाटली उलटसुलट करून पाहिली. "माझ्या जागेवर बसून आली ती हीच का?"

बाबा हसले. दुसरं कुणी हसलं नाही. बाटली टेबलावर ठेवून आत्या माझ्याकडे वळली. "तू सांग. कसा होता गं समुद्र?"

बाबा मला डोळ्यांनी दटावत होते.

"खिडकीला टॉवेल लावला होता, आत्या," मी म्हणाले.