अडीच वर्षांची रेवा आणि आमचे रविवारचे पक्षी

आमच्या पक्षीमंडळाच्या यादीत दर रविवारी पक्षी वाढतीलच असं नाही, किस्से मात्र वाढतातच! मंडळ कसलं, तिघंच जण. निवृत्त मुख्याध्यापक सर, एसटीत कंडक्टर असलेले गजाननभाऊ आणि मी. शिवाय माझ्या कडेवर माझी लेक रेवा. अडीच वर्षांची, आणि अजून एक शब्दही न बोललेली. डॉक्टर म्हणाले, "ऐकू छान येतंय. थांबा थोडं." पण थांबणं मला कधी जमलंय!

*

सरांचा नियम एकच. पक्ष्याचं नाव पुस्तकात बघून सांगायचं.

एकदा शेताच्या बांधावर, आमच्याकडच्या धुऱ्यावर, काहीतरी हललं. गजाननभाऊंनी पुस्तक काढलं, पानं उलटली, चित्र सापडलं. मान वर केली तर धुरा रिकामा.

"सर, पक्षी सापडला! पण आता पुस्तकातच हाय!"

*

आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप मी हौसेनं डाउनलोड केलं. जऊळक्याला स्टेशनमागच्या बाभळीखाली मोबाइल वर धरला, आणि नेमकी तेव्हाच रेवा किंचाळली.

स्क्रीनवर आलं, 'पोपट'.

सगळे हसले. मी गुपचूप स्क्रीनशॉट काढून ठेवला. निदान कुणाला तरी ती बोलल्यासारखी वाटली होती!

*

टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच पळायला लागतं, असं वाचलं आणि माझी झोप उडाली. गजाननभाऊंना बोलून दाखवलं.

"ताई, टिटवीशी कायले बरोबरी करता? मी सोता चार वर्साचा होईस्तोवर बोललो नाही. माही माय देवाले हात जोडे."

"आणि आता?"

"आता केनवडच्या गाडीतले पॅसेंजर हात जोडतात. चूप बसा म्हणून!"

*

पट्टकादंब या हिवाळी पाहुण्या हंसाचा एक चांगला फोटो मिळावा म्हणून सर तीन हिवाळे झटत होते. यंदा मेडशीजवळच्या तलावावर एक जोडी उतरली. डोक्यावर दोन काळे पट्टे, अगदी पुस्तकातल्यासारखे! सर गवतात पालथे पडले, कॅमेरा डोळ्याला लावून. पक्षी पाठमोरे. त्यांनी मान वळवायचीच काय ती खोटी. मी रेवाला घट्ट धरून श्वास रोखलेला.

रेवानं बोट पुढे केलं.

"बदक!"

अख्ख्या तलावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं! जोडी भुर्रकन उडाली.

कॅमेऱ्यातून डोळा न काढता, सवयीनंच, सर म्हणाले, "चूक. पट्टकादंब."

"ओ सर!" गजाननभाऊ उसळले. "पोरगी जिंदगीत पयल्यांदा बोलली, अन् तुमी तिले नापास करून राह्यले?"

सर उठले. शर्टाला चिकटलेलं गवत झटकलं. रिकाम्या पाण्याकडे पाहिलं, मग रेवाकडे.

"बदकच होतं," सर म्हणाले.