दोघांच्या वजनगटातला चॅम्पियन

"गार्ड वर!" असं ओरडून तो समोरच्याच्या पोटात बोट खुपसायचा. माणूस दचकून हात खाली आणायचा, की लगेच दुसरं बोट हनुवटीखाली. "पाहा, सर. गेले का नाई तुम्ही?" मग स्वतःच खुश होऊन स्टाफरूमभर हसायचा. या पद्धतीनं त्यानं दिग्रसच्या आमच्या शाळेतले सगळे शिक्षक, दोन शिपाई आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही हरवलं होतं. साहेबांच्या हातात तेव्हा चहाचा कप होता.

तो आमचा क्रीडाशिक्षक. मी मराठीचा. त्याला नाव होतं, हजेरीपटावर तो त्याच नावानं सही करायचा, पण गावात त्याला सगळे चॅम्पियन म्हणत. त्याची बायकोसुद्धा. घरी गेलं की दारातून सांगायची, "च्यांपियन नाई घरी, दळन आनाले गेले."

आता हा कशाचा चॅम्पियन, तेही सांगतो. कॉलेजात असताना तो यवतमाळला झालेल्या स्पर्धेत मुष्टियुद्धाचा जिल्हा विजेता ठरला होता. त्या काळी आपल्या जिल्ह्यात मुष्टियुद्ध म्हणजे काय, हे पंचांनाही पुरतं ठाऊक नसावं. त्याच्या वजनगटात सबंध जिल्ह्यातून दोन जण उतरले होते. म्हणजे एकाला सुवर्ण, दुसऱ्याला रौप्य, आणि कांस्यपदक जसं आलं तसं पेटीत परत. हा हिशेब एकदा आमच्या गणिताच्या सरांनी भर स्टाफरूममध्ये मांडला, तेव्हा चॅम्पियन शांतपणे म्हणाला, "दोघंच होतो, पन दुसरा कोन होता ते तुमाले माहीत नाई."

मग ती गोष्ट सुरू व्हायची. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट असते. हा टेबलं बाजूला सारून ती करून दाखवायचा. "उजवा दाखवला. तो इकडं पाह्यते, तं मी डावा देल्ला. खल्लास!" मी नोकरीला लागलो तेव्हा तो दुसरा माणूस दुसऱ्या फेरीत पडत असे. दहा वर्षांत तो पहिल्या फेरीत पडू लागला. पुढेपुढे तर घंटा वाजत असतानाच आडवा व्हायचा. आम्ही पैजा लावायचो, निवृत्तीपर्यंत हा त्याला यवतमाळच्या बसमध्येच पाडतो की नाही.

जिल्हा जिंकल्यावर राज्याच्या स्पर्धेला जायचं असतं. हा गेला नाही. काहून नाही गेला विचारलं की तो खिडकीतून मैदानाकडे बघत म्हणायचा, "ताप आलता." आम्ही एकमेकांना डोळे मारायचो. घाबरला होता, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं.

त्याचं शिकवणंही तसंच. शाळेत ग्लोव्हजच्या दोन जोड्या होत्या. त्या फाटल्या की कापसाच्या जिनिंगमधून मूठमूठ रुई आणून तो स्वतः भरायचा आणि टाके घालायचा, त्यामुळे ते ग्लोव्हज होते की उशा, हे सांगणं अवघड होतं. वर त्याचा नियम, "तोंडावर नाई मारायचं. जो मारंल तो बाहेर." आता मुष्टियुद्धात तोंडावर मारायचं नाही, म्हणजे कबड्डीत शिवायचं नाही. आमची पोरं दर वर्षी जिल्ह्याला जायची, समोरच्याच्या पोटाशी अदबीनं खुटखुट करायची आणि तोंडावर दणके खाऊन परत यायची. आमच्या शाळेनं मुष्टियुद्धात एकही पदक कधी मिळवलं नाही. मुख्याध्यापक त्याला म्हणायचे, "अहो चॅम्पियन, तुमच्यापेक्षा आमच्या भजनी मंडळातली पोरं जास्त आक्रमक आहेत."

आणि थप्पड. ती तर सगळ्या दिग्रसनं पाहिली. बाजार समितीसमोर मुख्याध्यापकांची स्कूटर कापसाच्या ट्रॅक्टरला घासली. मागच्या सीटवर चॅम्पियन होता. ड्रायव्हर उतरून अंगावर आला. मुख्याध्यापक हुशार, ते चॅम्पियनच्या मागं जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, "हे कोण आहेत माहीत आहे का?" लोक जमले. आज काहीतरी बघायला मिळणार म्हणून पानटपरीवाला टपरी सोडून आला. चॅम्पियननं दोन्ही हात जोडले. म्हणाला, "दादा, चुकलं, जाऊ द्या." ड्रायव्हरला वाटलं हा टिंगल करतोय. त्यानं एक ठेवून दिली. चॅम्पियनचे हात जोडलेलेच. पुढे वर्षभर पोरं मैदानात एकमेकांना विचारत होती, "अबे, गार्ड कुठी होता बे तवा?"

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला प्रदर्शन भरवायचं ठरलं. काचेच्या कपाटात चॅम्पियनचं पदक ठेवू, असं मुख्याध्यापक म्हणाले. हा दोन आठवडे टाळत राहिला. आज विसरलो, उद्या आणतो, पेटीची किल्ली सापडत नाही. शेवटी म्हणाला, "नाई सापडून राह्यलं, सर." झालं. कुणी म्हणालं विकलं, कुणी म्हणालं मिळालंच नव्हतं. कपाटात पदकाच्या जागी आम्ही एक चिठ्ठी ठेवली, 'शोध सुरू आहे'. अक्षर माझं होतं. मराठीच्या शिक्षकाचं अक्षर चांगलं असतं.

त्यानंतरच्या पोळ्याला मी मुकुटबनला गेलो. माझे साडू तिथले. त्यांचा पाय मोडला होता, म्हणून बघायला. चॅम्पियन दर पोळ्याला कुठंतरी गायब होतो, हे आम्हाला माहीत होतं, आणि तिकडं एखादी बाई असावी असं आमचं एकमत होतं. पण मुकुटबनला जाताना तो माझ्या डोक्यातही नव्हता.

दुपारी बैल तोरणाखाली उभे राहिले, झडत्यांची गाणी म्हणून झाली. कुबडी टेकत साडू म्हणाले, "थांबा जरा. आता आमच्या मारोती पैलवानाची कुस्ती राह्यते."

"कुस्ती?"

"थे बुक्क्यायची. त्यानं दिग्रसच्या एका चॅम्पियनले लोळवलंतं. थो हारलेला मानूस दर साल स्वतः येऊन सांगते, बोला!"

गर्दी सरकली. मध्ये एक उंच, वाळका, एका डोळ्याचा माणूस आपल्या बैलाचा कासरा धरून उभा होता. बैलाच्या कपाळावर, गोंड्यांच्या मधोमध, लाल फितीतलं एक पितळी पदक लोंबत होतं. आणि त्याच्यासमोर, नवा पांढरा सदरा घालून, आमचा चॅम्पियन.

"उजवा दाखवला यानं!" तो गावाला सांगत होता. "मी बयताडासारखा इकडं पाह्यतो, तं यानं डावा देल्ला!" आणि त्यानं स्वतःच्या जबड्यावर हात मारून मागच्या मागे अंग टाकून दिलं. बैलांनी तुडवलेल्या मातीत पांढऱ्या सदऱ्यासकट आडवा. सगळं गाव एका सुरात मोजायला लागलं, "एक! दोन! तीन!" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. दहा झाल्यावर मारोतीनं हात दिला, हा उठला, आणि अंगावरची माती झटकताना त्याची नजर माझ्यावर पडली.

मी त्याला दिग्रसमध्ये शेकडो वेळा जिंकताना पाहिलं होतं. इतका खुश कधी पाहिला नव्हता. मला बघितल्यावर मात्र सगळी रया गेली.

परतीच्या गाडीत तो माझ्या शेजारी बसला. वणीपर्यंत सदऱ्यावरची माती झटकत राहिला. मग म्हणाला, "त्याचा डोया माह्या डाव्यानं गेला, सर. पडदाच सरकला म्हने आतला. मले माहीतही नोहतं. मी तिकडं पदक घालून गावात मिरवून राह्यलो होतो. राज्याच्या स्पर्धेले निघालो, तवा समजलं. नोकरीही मले त्याच सर्टिफिकेटावर लागली. त्याचा डोया गेला अन् मी मास्तर झालो. मंग म्हटलं, त्याच्या गावात तरी तो जितला पाह्यजे. एका गावात मी जिततो, एका गावात तो. बराबर हाये ना?"

मी म्हणालो, बरोबर आहे.

"मंग हे इथंच राहू द्या. स्टाफरूममधी नाई."

मी मान हलवली. त्या गाडीत मला पहिल्यांदा सुचलं की त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरांत एकही चॅम्पियन नाही, पण डोळे मात्र सगळ्यांचे दोन दोन आहेत. शाळेच्या कुठल्याही अहवालात या कामगिरीला रकाना नाही.

मी शब्द पाळला. फारच पाळला. तो निवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभात भाषण मला करायचं होतं. शाळेत निरोपाची भाषणं मीच करायचो, विनोदी म्हणून माझी ख्याती होती. मी काहीच सांगू शकत नव्हतो हे खरं. पण साधं बोलता आलं असतं. चांगला माणूस आहे, एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. मी तसं केलं नाही. मी राज्यस्पर्धेचा ताप घेतला, ट्रॅक्टरवाल्याची थप्पड घेतली, रुईच्या उशा घेतल्या, आणि शेवटी म्हणालो, "चॅम्पियनचं पदक आजही कुठंतरी आहे. ते शोधण्यासाठी सरांना आता भरपूर वेळ मिळणार आहे." हॉल हसून फुटायचा बाकी राहिला. शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसलेला चॅम्पियन सगळ्यात मोठ्यानं हसत होता. नंतर माझा हात दाबून म्हणाला, "मस्त बोलले, सर." त्याला वाटलं, मी त्याचं गुपित राखण्यासाठी एवढी मेहनत घेतली.

गेल्या वर्षी, पोळ्याच्या पंधरा दिवस आधी तो गेला. सकाळी फिरायला निघाला होता, ओट्यावर बूट घालायला बसला आणि तसाच राहिला.

मग दिग्रसला त्याची किंमत कळली. बसस्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला, 'मुष्टियुद्धातील वाघ हरपला'. चेहरा त्याचा, मानेखालचं शरीर कुण्या परदेशी मुष्टियोद्ध्याचं, पोटावर सहा वळकट्या. शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, सरांच्या एका ठोशाची जिल्ह्याला दहशत होती. गणिताचे सर म्हणाले, त्यांच्या वजनगटात त्यांच्यासमोर उभं राहायला कुणी धजत नसे. तसं पाहिलं तर हिशेबात ते फार चुकले नव्हते. मला बोलायला सांगितलं, तेव्हा घसा बसला आहे असं सांगितलं.

त्याची बायको मला आत बोलावून म्हणाली, "भाऊजी, मुकुटबनले सांगा लागते. पोळ्याले तो मानूस वाट पाह्यन." तिला सगळं माहीत होतं. पहिल्या वर्षापासून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेलो. मारोती ओट्यावर बसून बैलाच्या शिंगांसाठी गोंडे ओवत होता. मी सांगितलं. त्यानं गोंडा खाली ठेवला. मला ते सहन होईना. शिक्षकाला गप्प बसलेला माणूस बघवत नाही. मी म्हणालो, "ते नेहमी तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, मारोतीनं मला असा पाडला की…"

"सर," तो म्हणाला, "डोया माहा गेला, डोकं नाई गेलं. कोन पडलंतं ते मले माहीत नाई काय?"

मी चाचरत विचारलं, "आणि गाव?"

"गावालेही माहीत हाये. मले तवा यवतमाळहून खाटेवर घालून आनलंतं, दोन्ही डोये बांधून. जितलेला मानूस असा येते काय?"

"मग ते दर वर्षीचं…"

"पहिल्या पोळ्याले तो आला. भर लोकांत माह्या पायावर पडला, अन् उठेच ना. रडे नुसता. मोठा बाप्या मानूस, काय करावं? म्हटलं, अबे, पडलाच हायेस तं दहा मोजू दे, म्हंजे मी जितलो. लोकायनं मोजलं. तो हसाले लागला अन् उठला. दुसऱ्या साली आपल्या मनानंच आला अन् आपल्या मनानंच पडला. अशी गोष्टही बनवून आनली. त्याले वाटे, गाव फसलं. म्या साऱ्यायले सांगतलं, वाटू द्या त्याले. तेवढ्यानं त्याले झोप लागत असंल तं आपलं काय जाते?"

आतून त्याच्या सुनेनं चहा आणला. तो बशीत ओतून त्यानं एक घोट घेतला.

"तिकडं काय म्हनत होते त्याले?"

"चॅम्पियन."

"खरंच मानत होते, का असंच?"

माझ्या डोळ्यांसमोर आमची स्टाफरूम आली. मी म्हणालो, "खरंच मानत होते."

"सारे?"

"सारे."

"तेवढं बरं झालं," मारोती म्हणाला. त्यानं गोंडा पुन्हा हातात घेतला आणि एका डोळ्यानं सुईचं नेढं शोधू लागला. मी दोरा ओवून देऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला.