ती फणी कासवाचीच होती

फणी अस्सल होती. कासवाच्या पाठीची. मी ती नकली ठरवली, तेही खोटं बोलून. मुलगी म्हणते, झालं गेलं सोडून द्या. मी सोडणार नाही.

२०२०च्या सुरुवातीला मी आयर्लंडमध्ये किलकेनीला मुलीकडे आलो आणि विमानं बंद झाल्यावर तिथंच अडकलो. पुण्यात मी चाळीस वर्षं कासवाच्या कवचाच्या जुन्या फण्या, बांगड्या, ब्रोच जमवले. जाणकारांत माझ्या नाकाला मान होता. तापवलेल्या सुईचं टोक दागिन्याच्या मागच्या बाजूला टेकवायचं. केस जळाल्यासारखा वास आला तर कासव, कापराचा आला तर सेल्युलॉइड, म्हणजे नकली.

हिवाळ्याच्या तोंडाशी मला कोविड झाला. ताप गेला, पण वास येईना. मुलगी इस्पितळात डॉक्टर, तरी तिलाही मी हे सांगितलं नाही. नाक गेलेल्या माणसाला कोण विचारतं?

अशात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून एक फणी पुढे केली. "माझी आजी शपथेवर सांगायची, खरी आहे म्हणून. माझा भाऊ तिला अजून थापाडी म्हणतो. तुम्ही काय ते सांगा."

फणी इतकी झिजलेली की भिंगातूनही कवचाचे डाग कळेनात. मी सुई टेकवली, हुंगलं. काहीच नाही. बाई मास्क लावून दोन मीटरवर उभ्या होत्या, टक लावून बघत.

"कापराचा वास," मी म्हणालो. "नकली आहे." नकली म्हणणारा जाणकार सहसा पकडला जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"ग्रँड," त्या म्हणाल्या; इथं 'बरं'ला असंच म्हणतात. "म्हणजे आजी थापाडीच." आणि आत गेल्या.

२०२१च्या वसंतात एका सकाळी हिंगाची फोडणी थेट नाकात शिरली. मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली. "त्या विसरल्याही असतील. मला इथं रोज तोंड दाखवायचं असतं."

"तू दाखव. मलाही एकदा दाखवू दे."

बाईंनी फणी स्वयंपाकघरातल्या कपाटातून, रबरबँडांच्या डब्यातून काढून कुंपणापाशी आणली. मी सुई टेकवली. जळक्या केसांचा घाणेरडा, स्पष्ट वास आला. मग सगळं सांगितलं: नाक गेलेलं, कापूर मनचा, आजी खरी.

बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी भावाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन कुंपणावर ठेवला. "मला नका सांगू. ह्याला सांगा."

मी पुन्हा सगळं सांगितलं. मुलगी मागच्या दारातून हातानं 'पुरे' म्हणत होती.

"गेल्या वर्षी खोटं बोललात," पलीकडून खरखरीत आवाज आला. "आज का विश्वास ठेवू?"

"ठेवू नका," मी म्हणालो. "इथं या. सुई मी तापवतो, हुंगा तुम्ही. आणि मग आजीला थापाडी म्हणून दाखवा."