फर्माईशीची चिठ्ठी

मुलांनो, ज्या बुवांचं गाणं मी तुम्हाला फोनवरून ऐकवते, त्यांचं आत्मचरित्र परवा वाचून संपवलं. नेहमीप्रमाणे हातात पेन्सिल होती. आपल्या गावातल्या मैफलीचं पान आलं, तेव्हा मी आनंदाने समासात खूण केली. त्या मैफलीत मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

बुवांनी लिहिलंय, "मध्यंतरात फर्माईशीची एक चिठ्ठी आली. धाकटा भाऊ आणि मी जोडीने गायचो, ती भूपातली चीज कुणाला तरी हवी होती. भावाला जाऊन महिनाही झाला नव्हता. श्रोत्यांना ते ठाऊक नव्हतं, मग नाही कसं म्हणणार? त्यानंतर ती चीज मी पुन्हा कधी गायलो नाही. चिठ्ठीवरचं अक्षर मात्र फार सुरेख होतं."

ती चिठ्ठी माझी होती.

तुमच्या आजोबांना ते पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, अक्षराची तारीफ केलीय. रागावले असते तर केली असती का?"

पण अंतऱ्यात बुवा मध्येच थांबले होते, ते मला आठवत होतं. मला वाटलं, रंगलेत. मी मोठ्याने दाद दिली होती.

बुवांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आज सकाळी कागद घेतला, तारीख घातली, "आदरणीय बुवा" असं लिहिलं. अक्षर अजून तसंच आहे. पुढे काही लिहिता आलं नाही.